बंब कोणाचा, पाणी कोणाचे?

दलित वस्त्यांना आगी लावणाऱ्यांविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे, आणि ते लिहिणे आवश्यकच होते. 25 डिसेंबर 1968 रोजी तंजावर जिल्ह्यातील किळवेनमणी गावात मजुरीच्या झगड्यातून एका झोपडीत 44 दलित माणसे जाळली गेली. 1978 साली विद्यापीठ नामांतराचा ठराव होताच मराठवाड्यात दलितांची घरे पेटविली गेली. या आगींची नोंद आपल्या साहित्याने घेतली. परंतु आग विझविणाऱ्यांचाही एक इतिहास असतो. आग लागली तर धावून कोणी यायचे, त्याच्या हातातले साधन कोणाच्या पैशातून आलेले, आणि त्यात भरलेले पाणी कोणाच्या मालकीचे, हे प्रश्न आपल्या विचारविश्वात फारसे आलेले नाहीत.

या प्रश्नांचा मागोवा घेताना मी अमेरिकेतील स्वयंसेवी अग्निशमन दलांच्या इतिहासाकडे वळलो. 1972 साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील काळ्या पँथरांवरून घेतले. तेथील काळ्यांच्या बंडाचा आणि साहित्याचा आपल्याला परिचय झाला. त्यांच्या वस्तीतला नळ आणि त्यांच्या वस्तीत न पोहोचलेला बंब यांचा इतिहास मात्र आपल्यापर्यंत आला नाही.

या इतिहासाचा आरंभ बहुधा बेंजामिन फ्रँकलिनपासून सांगितला जातो. 1736 साली त्याने फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी स्थापन केली. प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने सहा कातडी बादल्या आणि सामान वाहून नेण्यासाठी दोन तागी पिशव्या बाळगाव्यात, असा तिचा नियम होता. सरकारी मदतीची वाट न पाहता नागरिकांनी एकत्र येऊन केलेले हे काम म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. पण ज्याला सहा बादल्या परवडत होत्या तोच सभासद होऊ शकत होता, ही गोष्ट गौरव करणारे सहसा सांगत नाहीत. आगीपासून संरक्षण हा येथे नागरिकाचा हक्क नव्हता. ती सभासदांनी आपसात केलेली व्यवस्था होती. आणि सभासद कोणाला करायचे हे सभासदच ठरवीत.

याचा अर्थ काय होतो, ते त्याच शहरात 1818 साली स्पष्ट झाले. फिलाडेल्फियातील काही काळ्या तरुणांनी आफ्रिकन फायर असोसिएशन नावाचे स्वतःचे अग्निशमन दल उभारण्याचे ठरविले. आग विझविण्यासाठी आणखी काही हात पुढे येत होते. शहराला यात आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात गोऱ्या दलांनी सभा घेऊन या उपक्रमाला विरोध केला. तणाव वाढू नये म्हणून काळ्या समाजातील प्रतिष्ठितांनीच या तरुणांना माघार घ्यायला सांगितले, आणि ते दल उभे राहण्यापूर्वीच मोडले. गुलामाने मालकाच्या घरची आग विझविली तर ती चाकरी. स्वतंत्र काळ्याने स्वतःचा बंब ओढला तर मात्र तो उर्मटपणा! हा न्याय आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

वीस वर्षांनी, 1838 च्या मे महिन्यात, गुलामगिरीच्या विरोधकांनी याच शहरात पेनसिल्व्हेनिया हॉल नावाची वास्तू उभारली. 14 मे रोजी ती खुली झाली आणि 17 मे च्या रात्री जमावाने ती जाळली. अग्निशमन दले तेथे हजर होती. त्यांनी आजूबाजूच्या इमारतींवर पाणी मारले. जळत्या हॉलवर मारले नाही. आग लावणारा आणि आग पाहत उभा राहणारा हे एकाच व्यवस्थेचे दोन हात असतात, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

पुढे शहरे बदलली. 1853 साली सिनसिनाटीने पगारी दल उभारले; 1871 साली फिलाडेल्फियानेही उभारले. खेडी मात्र स्वयंसेवकांवरच राहिली. आजही अमेरिकेतील निम्म्याहून अधिक अग्निशमन जवान स्वयंसेवक आहेत. भोंगा वाजला की शेतकरी नांगर सोडतो, दुकानदार दुकान सोडतो. या माणसांच्या धैर्याविषयी मला आदरच आहे. प्रश्न त्यांच्या पैशाचा आहे. कोठे मालमत्ता कर, कोठे वार्षिक वर्गणी, कोठे सहभोजने आणि सोडती यांतून बंबाचा खर्च निघतो. म्हणजे ज्या वस्तीत मालमत्ता आहे तेथे बंब चांगला, आणि जेथे घरे लाकडाची, दाटीची व गरिबांची, म्हणजे जेथे आगीचे भय सर्वांत अधिक, तेथे बंब सर्वांत जुना.

नगरपालिका असली म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेही नाही. मिसिसिपी राज्यातील शॉ हे सुमारे अडीच हजार वस्तीचे छोटे गाव. त्यात सुमारे दीड हजार काळे. तेथील काळ्या रहिवाशांनी नगर प्रशासनावर खटला भरला. कच्च्या रस्त्यांवरील घरांपैकी 98 टक्के घरे काळ्यांची होती; सांडपाण्याची सोय नसलेल्या घरांपैकी 97 टक्के काळ्यांची होती. पाण्याच्या वाहिन्या आणि आगीच्या वेळी बंबाला पाणी पुरविणारे रस्त्याकडेचे नळ यांतही भेद होता. 1971 साली अपील न्यायालयाने हा भेदभाव ठरविला आणि तो दूर करण्याची योजना सादर करण्यास गावाला भाग पाडले. आठ वर्षांपूर्वी, मे 1963 मध्ये, बर्मिंगहॅम शहरात हक्क मागणाऱ्या काळ्या मुलांवर बंबाच्या पाण्याचा मारा झाला होता. त्या दिवशी पाण्याचा दाब कमी पडला नाही.

शॉच्या निकालानंतरच्या वर्षी, 1972 साली, अमेरिकेच्या संसदेने ग्रामीण विकास कायदा केला. दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांतील अग्निशमन दलांची उभारणी, प्रशिक्षण आणि साधने यांसाठी केंद्रीय मदतीची तरतूद त्यात झाली. खेड्यातील आग ही राष्ट्राची जबाबदारी आहे, हे या कायद्याने मान्य केले; हे त्याचे मोल आहे. पण मदतीची अट अशी की निम्मा खर्च स्थानिकांनी उचलावा. ज्याच्या पदरी निम्मे आहे त्यालाच उरलेले निम्मे मिळते. समान नियम विषम समाजाला लावला की विषमताच कायदेशीर होते, हे डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांना नव्याने सांगायला नको.

या वाटेचा शेवट 2010 साली टेनेसी राज्यातील ओबायन काउंटीत जगाला दिसला. साउथ फुल्टन शहराचे दल बाहेरच्या ग्रामीण घरांना 75 डॉलर वार्षिक वर्गणीवर सेवा देई. एका घराला आग लागली. वर्गणी भरलेली नव्हती. बंब आला, पण वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याच्या रानाचे रक्षण करण्यासाठी. घर जळून गेले. घरमालक गोरा होता. वंचितांना बाहेर ठेवण्यासाठी सभासदत्वाची जी भिंत बांधली जाते, ती एक दिवस आपल्याच माणसांवर कोसळते.

आता आपल्याकडे वळू. जुन्या गावगाड्यात रात्रीची गस्त आणि दवंडी महाराकडे होती. ती स्वेच्छेने दिलेली सेवा नव्हती. वतनाने लादलेली होती. आग लागल्याची हाळी ज्याने द्यायची, त्याला त्याच गावच्या विहिरीत पोहरा टाकण्याची बंदी होती. 1927 चा महाडचा सत्याग्रह पिण्याच्या पाण्यासाठी होता तसाच सार्वजनिक पाण्यावरच्या मालकीसाठीही होता, हे या बाजूने पाहिले की अधिक उमगते. 1958 च्या कायद्याने महार वतन संपले. गस्तीची सक्ती गेली. तिच्या जागी काय आले?

1958 च्याच ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीत आग विझविण्यास मदत करणे हे पंचायतीचे काम म्हणून नोंदलेले आहे, परंतु निधी पुरेल तितपतच. 1993 साली अंमलात आलेल्या घटनादुरुस्त्यांनी शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय घातला. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. म्हणून खेड्यात आग लागली की तालुक्याच्या नगरपरिषदेच्या नाहीतर साखर कारखान्याच्या बंबाची वाट पाहावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5000 कोटी रुपये सुचविले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण तो पैसा गावकुसाबाहेरच्या बोळापर्यंत पोहोचतो की जिल्ह्याच्या ठिकाणी नव्या इमारतीत जिरतो, हे पाहणे आपले काम आहे.

उद्या कोणी आपल्याला श्रमदानातून ग्रामरक्षणाची दले उभारायला सांगेल. आपल्या तरुणांनी त्यात जरूर जावे. मात्र जाण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्याव्यात. दलाचा खर्च वर्गणीतून नव्हे तर सरकारी तिजोरीतून व्हावा. तो गावाच्या ऐपतीप्रमाणे नव्हे तर आगीच्या भयाप्रमाणे वाटला जावा. आणि बंब उभा राहण्याची जागा, पाण्याचा साठा व दलातील माणसे यांत वस्तीचा हिस्सा कायद्याने ठरलेला असावा. 1818 साली फिलाडेल्फियाच्या त्या तरुणांपाशी हात होते आणि हिंमतही होती. त्यांच्या बंबाला कायद्याचा आणि तिजोरीचा आधार नव्हता, म्हणून गोऱ्यांच्या एका ठरावाने तो मोडता आला. आपल्या ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत हा विषय कागदावर आणता येईल, आणि तो आपणच आणला पाहिजे.