गवताचे झाड झाले आणि पुन्हा गवत: मेंढा-लेखाचा इतिहास

वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याची गणना झाडांत केली. मित्रहो, हा भेद वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु याच एका शब्दापाशी गडचिरोलीतील एका गोंड गावाचा हक्क अडून राहिला होता. आजचा धागा त्याविषयी.

प्रथम आपल्या पालघरकडे पाहू. वसई-विरारकरांना रोज तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. त्याच्या उत्तरेला डहाणू-तलासरीचा वारली मुलूख आहे. १९४५ मध्ये झरी येथील परिषदेपासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड पुकारले. पुढे गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप झाले. लढा थोरच होता. तरीही कोणते झाड पाडायचे, हे ठेकेदारच ठरवीत राहिला.

तो अधिकारच मागणारे गाव म्हणजे धानोरा तालुक्यातील मेंढा, ग्रामपंचायत लेखा. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपाळपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यातून परतलेल्या गावकऱ्यांनी देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासह अभ्यासगट चालविले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तेथलीच. पण मला घोषणेपेक्षा त्यांची निर्णयपद्धती अधिक विलक्षण वाटते. तेथे बहुमत चालत नाही. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचे. हे किती कष्टाचे असते, ते आपल्या सोसायटीची सभा आठवून पाहा! त्याच सभेत जंगलाचे नियम ठरले: वणवा लावायचा नाही, मधासाठी माश्या मारायच्या नाहीत, आणि बाहेरच्यांनी ग्रामसभेला विचारल्यावाचून लाकूड-बांबू तोडायचा नाही. परिसरातील बांबू कागद गिरणीकडे जात असे. त्यालाही गावाने हरकत घेतली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी ते एक होते. हक्क हाती आला, पण बांबू विकता येईना. वाहतूक परवाना वन विभागाच्या हाती होता, आणि विभागाच्या लेखी बांबू अजूनही झाडच होते.

मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहिली: बांबूला गौण वनोपज माना. २७ एप्रिल रोजी ते स्वतः मेंढ्यात आले, सोबत मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते. वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाच्या स्वाधीन झाले, आणि मेंढ्याच्या बांबूबरोबर जाणाऱ्या परवान्यावर वनाधिकाऱ्याऐवजी ग्रामसभेची सही येऊ लागली.