समुद्राचं पोलीस ठाणं

आमच्या घरात कुणाचाही ऑनलाइन फॉर्म असला की तो माझ्याकडे येतो. इंजिनिअर झाल्याची ही शिक्षा आहे. पीक विमा, पासपोर्ट, आत्याचं आधार-पॅन जोडणं, सगळं. गेल्या वर्षी दादाचा फॉर्म आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. दापोली तालुक्यातला, चौदा वर्षं बोटीवर. आधी वायपर, मग मोटरमन, आता फिटर. त्याला आणि वहिनीला एका थंड देशात कायमचं राहायला जायचं होतं.

फॉर्ममध्ये एक तक्ता होता. गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात? महिना, वर्ष, गाव, देश. एकही महिना रिकामा ठेवायचा नाही.

"दादा, मार्च ते डिसेंबर २०१७ कुठे होतास?"

"बोटीवर."

"ते कळलं रे. देश कुठला टाकू?"

"समुद्र टाक."

देशाच्या रकान्यात ड्रॉपडाऊन होता. अफगाणिस्तानपासून झिम्बाब्वेपर्यंत सगळं होतं, समुद्र नव्हता. आणि रकाना सक्तीचा.

हा तक्ता नुसता माहितीसाठी नसतो. त्यावरून पोलीस दाखले मागितले जातात. कॅनडाला कायमचं जायचं तर ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात तिथल्या पोलिसांचा दाखला लागतो. ऑस्ट्रेलिया दहा वर्षांत मिळून बारा महिने मोजतं. माणूस कुठल्या तरी ठाण्याच्या हद्दीत राहतो, त्या ठाण्याला त्याचे गुण माहीत असतात, असं यात गृहीत धरलंय. जमिनीवर ते बरोबरच आहे. पण भारताच्या कायद्याने आपली सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर संपते. दाभोळला सागरी पोलीस ठाणं आहे, त्याच्या नावावर जाऊ नका.

मग बोटीचा देश लिहायचा का? दादाच्या बहुतेक बोटी पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटं यांच्या झेंड्याखाली होत्या. जगातला मोठा जहाजताफा या तिघांच्याच नावावर आहे. लायबेरियाची आणि मार्शल बेटांची जहाजनोंदणी प्रत्यक्षात चालते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून. लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया दादाने फक्त बोटीच्या पाठीवर रंगवलेली पाहिली आहे. तो रंग एकदा त्यानेच दिला होता. त्या गावच्या पोलिसांनी दादाबद्दल काय सांगायचं?

आमचं हे चाललं असताना आत्याने पेटीतून तिच्या सासऱ्यांची नल्ली काढून आणली.

नल्ली म्हणजे खलाशाचं पुस्तक. आज त्याला सीडीसी म्हणतात. जुने लोक नल्लीच म्हणायचे. (प्रोग्रामिंगमध्ये जिथे काही नोंद नाही त्या जागेला 'नल' म्हणतात. मला हसू आलं, आत्याला का ते कळलं नाही.) आजोबा १९५०च्या दशकात मुंबईहून बोटीवर चढले आणि टिंडेल होऊन निवृत्त झाले. नल्लीत त्यांचा फोटो, अंगठा, उंची, गालावरचा तीळ. पुढे प्रत्येक सफरीची एक ओळ: बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, आणि शेवटी दोन शिक्के. एक कामाबद्दल, एक वर्तणुकीबद्दल. दोन्हींत 'व्हेरी गुड', पानामागून पान.

हे शिक्के ब्रिटिश जहाज कायद्यातून आले. १८५० आणि १८५४च्या कायद्यांनी व्यापारी जहाजांवरची भरती सरकारी कचेरीतून करायला लावली आणि सफर संपली की कप्तानाने खलाशाच्या वर्तणुकीचा शेरा द्यायची पद्धत बसवली. कप्तानाला वाईट लिहायचं नसलं तर तो 'शेरा देण्यास नकार' असं लिही. ऐकायला सौम्य, पण तेवढ्यावर पुढची बोट मिळणं मुश्कील व्हायचं.

म्हणजे 'या माणसाची वर्तणूक चांगली आहे' असा दाखला खलाशाला दर सफरीला मिळत होता. जमिनीवरच्या किती जणांकडे असा हिशेब असतो? माझ्या शेवटच्या तीन मॅनेजरांनी माझ्या वर्तणुकीबद्दल काय लिहिलंय ते मलाही माहीत नाही.

पण नल्ली खलाशाच्या भल्यासाठी होती असं समजायचं कारण नाही. १८२३च्या ब्रिटिश कायद्याने हिंदी लष्करांना, म्हणजे खलाशांना, ब्रिटिश खलाशी मानायला नकार दिला होता. त्यांना परत हिंदुस्थानात आणून सोडणं बंधनकारक होतं. त्यांचे करार वेगळे आणि पगार गोऱ्यांच्या पगाराच्या लहानशा हिश्शाएवढा. मुंबईत बोट मिळायची ती घाट सारंग आणि दलालांमार्फत. बोट मिळेपर्यंतचा खर्च त्यांच्याकडूनच उसना, आणि तारण म्हणून नल्ली त्यांच्याकडे. ज्या कागदाने माणूस ओळखला जायचा तोच गहाण. गोव्याचे तारवटी निदान धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावच्या कुडीत उतरायचे, तिथे स्वस्तात राहता यायचं.

१९२५ साली जे झालं ते वाचल्यावर दादाचा फॉर्म मला वेगळा दिसायला लागला. पहिल्या महायुद्धानंतर जहाजधंदा मंदावला होता आणि ब्रिटिश बंदरांत गोऱ्या खलाशांना काळ्यासावळ्यांची स्पर्धा नको होती. त्या वर्षी ब्रिटनच्या गृहखात्याने 'रंगीत परकीय खलाशां'साठी खास हुकूम काढला. अशा खलाशाने आपण ब्रिटिश प्रजाजन असल्याचं कागदावर सिद्ध करायचं, नाहीतर परकीय म्हणून पोलिसांकडे नोंद करायची. पंजाबचा, बंगालचा, एडनचा माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होता. पण खलाशाला पासपोर्ट कधी लागलाच नव्हता. त्याच्याकडे होती नल्ली, ब्रिटिश सरकारच्याच कचेरीने दिलेली. ती पुरावा म्हणून धरली नाही. कार्डिफमध्ये पोलिसांनी कितीतरी ब्रिटिश प्रजाजनांना परकीय म्हणून नोंदवलं. हा हुकूम उठला १९४२ साली, महायुद्धात याच खलाशांची गरज पडल्यावर.

स्वतः दिलेला कागद स्वतःच न मानणं मला ओळखीचं वाटलं. दादाची सीडीसी भारत सरकारने दिली आहे. त्यात चढल्या-उतरल्याची प्रत्येक तारीख शिक्क्यानिशी आहे. जगात इतकी नोंद ठेवलेला कामगार विरळा. फॉर्मच्या लेखी मात्र तो दहातली सहा वर्षं बेपत्ता.

बोट ही कुणाची जमीन, हा प्रश्न एकदा थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. २ ऑगस्ट १९२६च्या रात्री एजियन समुद्रात 'लोटस' ही फ्रेंच बोट 'बोझ-कूर्त' या तुर्की कोळशाच्या बोटीवर आदळली. तुर्की बोट बुडाली, आठ तुर्क मेले. लोटस इस्तंबूलला लागल्यावर तुर्की पोलिसांनी पहाऱ्यावरचा फ्रेंच अधिकारी देमाँ याला अटक केली. फ्रान्स म्हणालं, खुल्या समुद्रात आमच्या बोटीवर आमचाच कायदा. तुर्कस्तान म्हणालं, माणसं आमच्या बोटीवर मेली. हेगच्या न्यायालयात मतं सहा-सहा अशी फुटली आणि ७ सप्टेंबर १९२७ रोजी अध्यक्षांच्या निर्णायक मताने तुर्कस्तान जिंकलं. बोट ही जणू तिच्या झेंड्याच्या देशाची जमीन, तेव्हा परिणाम तुर्की जमिनीवर झाला, असा हिशेब.

जहाजवाल्यांना हे पटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक बंदरात कुणीही पकडायला लागलं तर बोट चालवायची कुणी? पुढे करारांनी हा निकाल मागे टाकला. १९८२च्या सागरी कायदा कराराचं ९७वं कलम सांगतं की खुल्या समुद्रातल्या टकरीबद्दल खलाशावर खटला फक्त दोनच देश भरू शकतात: बोटीच्या झेंड्याचा, किंवा त्याच्या स्वतःच्या नागरिकत्वाचा.

हे वाचल्यावर मी दादाला फोन केला. कारण आपल्या जुन्या दंडविधानाचं चौथं कलमही तेच म्हणत होतं. भारतीय नागरिकाने भारताबाहेर कुठेही गुन्हा केला तरी त्याला इथला कायदा लागू. नव्या न्याय संहितेतही ही तरतूद आहे. म्हणजे समुद्राला ठाणं नसलं तरी दादाला होतं. तो अटलांटिकच्या मधोमध असतानाही एका अर्थाने आमच्याच ठाण्याच्या हद्दीत होता.

ठाण्यातून हवालदार चौकशीला आले. आत्याने चहा केला. "मुलगा घरी नसतो वाटतं?" त्यांनी विचारलं. "वर्षातले नऊ महिने नसतो," आत्या म्हणाली. "मग गुन्हा करायला वेळ कधी मिळणार!" असं म्हणून त्यांनी सही केली. भारताचा दाखला असा मिळाला.

अडलं अमेरिकेवर. दादाचे दोन करार फ्लोरिडाहून सुटणाऱ्या क्रूझवर झाले होते. अमेरिकी कायद्याने बोटीवरच्या माणसाला एका वेळी जास्तीत जास्त २९ दिवस किनाऱ्यावर उतरता येतं, म्हणजे तो तिथे 'राहतो' असं तो देशही मानत नाही. तरी सल्लागार म्हणाला, एफबीआयचा दाखला जोडाच. त्यासाठी दहा बोटांचे ठसे हवेत.

बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं पोलीस कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात उघडलं. एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाणारी वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. तिथून ही विद्या लंडनला गेली, मग अमेरिकेला. आता तिथून दादाच्या बोटांकडे. पण चौदा वर्षं ग्राइंडर, डिझेल आणि वेल्डिंग करून दादाच्या बोटांवर रेषाच फारशा उरल्या नव्हत्या. तीन वेळा शाई लावली, दोनदा डाग आले.

खलाशांच्या जागतिक ओळखपत्राचंही हेच झालं. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर २००३च्या करारात त्यावर ठसे आले. २०१६ साली तो भाग बदलून चेहऱ्यावर यावं लागलं. भारताने २०१५ साली हा करार मान्य केला आणि २०१९ साली चेहरा ओळखणारं खलाशी ओळखपत्र काढलं. हे कार्ड असलं की बंदरात उतरायला व्हिसा लागू नये, असं करार म्हणतो. बंदरं काय म्हणतात ते दादाला विचारा.

शेवटी देशाच्या रकान्यात आम्ही सगळीकडे 'भारत' टाकलं. सोबत सीडीसीचं प्रत्येक पान, कंपन्यांची पत्रं, बोटीगणिक तारखांचा तक्ता, आणि एक पानाचा खुलासा. तो मी तीनदा लिहिला. पहिल्या दोन खेपांना त्यात लोटस खटला होता. वहिनीने काढायला लावला.

परवा पोर्टलवरून मेल आला. सध्याचा राहण्याचा पत्ता अद्ययावत करा, तीस दिवसांत. दादाला व्हॉट्सअ‍ॅप केला. दोन दिवस एकच टिक होती. मग उत्तर आलं: "आत्ताच सिंगापूर सोडलं. काय टाकतोस?"