एका पानावर अनेक हात

सरकारी कचेरीत ज्यांची हयात गेली, त्यांना फाइलीचा प्रवास ठाऊक असतो. एकाने टिपण लिहावे, दुसऱ्याने शेरा मारावा, तिसऱ्याने सही करून पुढे धाडावे. कागद एका वेळी एकाच मेजावर असावयाचा. ही रीत मोडून, दूरदूर बसलेल्या माणसांनी एकाच क्षणी एका पानावर काम करावे, ही कल्पना जगापुढे प्रत्यक्ष मांडणाऱ्या अभियंत्याची कथा आम्ही येथे सांगणार आहोत.

डग्लस एंगेलबार्ट यांचा जन्म १९२५ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात झाला. नौदलात रडार-तंत्रज्ञ म्हणून फिलिपीन्समध्ये असता व्हॅनिव्हर बुश यांचा १९४५ सालचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. ज्ञानाचा साठा वाढतो आहे, पण हवे ते वेळेवर हाती लागत नाही, हा त्या लेखाचा विषय. तो त्यांच्या मनात घर करून राहिला. १९५७ साली ते स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत रुजू झाले. संगणकाने माणसाची बुद्धी वाढवावी, हा विचार त्यांनी १९६२ च्या आपल्या प्रबंधात मांडला.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सुमारे हजार तज्ज्ञांपुढे त्यांनी नव्वद मिनिटे प्रयोग करून दाखविला. पडद्यावर मजकूर होता आणि सुमारे तीस मैलांवरील मेन्लो पार्कमधील सहकाऱ्याचा चेहराही होता. दोघेही एकाच मजकुरावर काम करीत होते. ‘माऊस’ही त्या दिवशी सभेपुढे आला.

मात्र दोन हात एकत्र आले की गोंधळ आलाच. एकाने ओळीच्या आरंभी पाच अक्षरे घातली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने दहावे अक्षर खोडले, तर भलतेच अक्षर पुसले जाईल. कारण मूळचे दहावे आता पंधराव्या जागी सरकलेले असते. म्हणून येणारी प्रत्येक आज्ञा बदललेल्या स्थितीशी जुळवून घ्यावी, हा उपाय क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्ज यांनी १९८९ साली मांडला.

उरला प्रश्न सर्वमान्य नियमांचा. १९६९ च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी संगणक-जाळ्याविषयीचे पहिले टिपण प्रसृत केले आणि त्या टिपणमालेला ‘अभिप्रायार्थ विनंती’ असे नम्र नाव दिले. हुकूम न काढता मत मागविण्याची ती रीत टिकली. संगणक व सेवायंत्र यांच्यातील दुतर्फा वाट सतत खुली ठेवणारा ‘वेबसॉकेट’चा नियम २०११ साली त्याच मालेत ६४५५ व्या क्रमांकाने प्रसिद्ध झाला.

एंगेलबार्ट यांच्या पदरी मात्र दीर्घकाळ उपेक्षाच आली. सत्तरच्या दशकात सहकारी पांगले, पैशाचा ओघ आटला. माऊसचे पेटंट संस्थेच्या नावे असल्याने त्यांना स्वामित्वधन मिळाले नाही. ट्युरिंग पुरस्कार १९९७ साली लाभला. २०१३ साली ते निवर्तले.

आज नागपूरची आजी आणि परप्रांतातील नातू एकाच पानावर घरच्या कार्याची यादी करू शकतात. या सोयीमागे एकाची प्रतिभा आहे, तशीच अनेकांनी आपापसांत मते जुळवून केलेली नियमांची बांधणीही आहे. परमुलखात मंडळे चालविणाऱ्या आपणां सर्वांस या दुसऱ्या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. पानावर हात अनेक असावेत. मात्र दुसऱ्याचे अक्षर न पुसता आपले लिहिण्याची शिस्त प्रत्येक हाताला हवी.