अर्धवट राहिलेली चाचणी

१९९९ च्या अखेरीस तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत एक प्रदीर्घ अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात सामावून घेतले होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखण्यासाठी खेड्यांत कोणती तपासणी उपयोगी पडेल, हा प्रश्न होता. २००९ मध्ये उत्तर आले. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते.

हा विषाणू लैंगिक संपर्कातून पसरतो आणि इतका सर्वसामान्य आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच. बहुधा वर्षा-दोन वर्षांत शरीर त्याला हुसकावून लावते. काही जणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो आणि कर्करोगाची बीजे रोवतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये त्याचे १६ व १८ हे प्रकार कर्करोगाच्या गाठींतून वेगळे केले. सुमारे सत्तर टक्के रुग्णांच्या मुळाशी हेच दोघे असतात. पुढे ब्रिस्बेनमध्ये इयन फ्रेझर आणि जियान झोउ यांनी विषाणूचे रिकामे कवच तयार करण्याची युक्ती शोधली, आणि २००६ मध्ये अमेरिकेत पहिल्या लशीला मान्यता मिळाली. सहा महिन्यांत तीन मात्रा, आणि किंमत भारी. गरीब देशांचे घोडे इथेच अडले.

२००९ मध्ये भारतात या लशीचे दोन स्वतंत्र उपक्रम सुरू झाले. पहिला ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेचा, आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत. त्यातील सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. मृत्यूंचा लशीशी संबंध नसल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. पण चौकशीने उघडकीस आणलेली दुसरी गोष्ट कमी गंभीर नव्हती. खम्मममध्ये अडीच हजारांहून अधिक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहप्रमुखांनी सह्या केल्या होत्या. घरापासून दूर राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या शरीरावरचा निर्णय त्यांच्या पालकांना विचारल्याविनाच झाला होता. संसदीय समितीने २०१३ मध्ये यावर कठोर ताशेरे ओढले. त्या संतापाला लसविरोधी अज्ञान म्हणून मोडीत काढणे हा त्या मुलींवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवले आणि त्या आदेशाच्या तडाख्यात दुसरा उपक्रमही सापडला. तो होता ल्योंच्या त्याच संस्थेची चाचणी. तिच्या नऊ केंद्रांत बार्शी, पुणे आणि मुंबई होती. तीनऐवजी दोन मात्रा पुरतील काय, हे वीस हजार मुलींत पाहायचे होते. काम थांबले तेव्हा १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. कोणाच्या तिन्ही मात्रा झाल्या होत्या, कोणाच्या दोन, आणि ४,९५० मुलींची अवघी एक. असा एकमात्रेचा गट मूळ आराखड्यात नव्हताच, आणि मुद्दाम आखायचा म्हटले असते तर त्या काळी क्वचितच कोणी परवानगी दिली असती.

संशोधकांनी या मुलींची साथ सोडली नाही. त्या मोठ्या झाल्या, अनेकींची लग्ने झाली. त्यांचे नमुने वर्षानुवर्षे तपासले गेले. दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १६ व १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गाविरुद्ध तीन मात्रांची परिणामकारकता ९३.३ टक्के, दोन मात्रांची ९३.१ आणि एका मात्रेची ९५.४! हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून शंकेला जागा होती. ती उणीव २०२२ मध्ये केनियातील चाचणीने भरून काढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयोगटासाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला.

त्याच २०२२ च्या जुलैत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या पहिल्या भारतीय एचपीव्ही लशीला औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. परवान्यात ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी मात्रा दोनच लिहिल्या होत्या.