पाच मैलांच्या आतले घर

मंडळी, घर बांधायचे म्हटले की पहिली काळजी पैशाची. लांबून आणलेले महागडे सामान तेवढे पक्के, अशी आपली समजूत. ही समजूत खोटी ठरवणाऱ्या एका वास्तुशिल्पज्ञाची ही हकीगत.

लॉरी बेकर यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडात, बर्मिंगहॅमला झाला. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना बोटीसाठी ते मुंबईत अडकले. तिथे गांधीजी भेटले. घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, असे गांधीजींचे मत. तरुण बेकरांना ते आधी अव्यवहारी वाटले! पण १९४५ साली ते भारतात आले, कुष्ठरोग्यांसाठी इमारती बांधू लागले. पुढे पिथौरागढच्या डोंगरात गवंड्यांनी दगडमातीने बांधलेली घरे पाहिली, तेव्हा गांधीजींचे म्हणणे त्यांना पटले.

नंतर केरळात त्यांनी विटा कडेवर उभ्या लावून, मध्ये पोकळी ठेवून भिंती उभारल्या. विटा सुमारे चौथा हिस्सा कमी लागल्या, शिवाय पोकळीमुळे उन्हाचा तापही कमी.

आता पाहा, वास्तुशिल्पज्ञाचा मेहनताना पुष्कळदा खर्चाच्या टक्केवारीवर ठरतो. खर्च वाढला की कमाई वाढते. बेकर मात्र खर्च कमी करण्यातच आपली विद्या मानीत. कचेरीत न बसता गवंड्यांसोबत कामावर उभे राहत. २००७ साली ते वारले.

गुरुजी, एक दिवस मुलांना गावातली सर्वांत जुनी भिंत दाखवा. दगड कुठला, माती कुठली, हे विचारायला सांगा. वास्तुविद्येचा पहिला धडा तिथेच आहे.