शारदा सदनची बातमी

एखाद्या शाळेबद्दल मोबाइलवर मजकूर फिरतो, ‘तिथं देशाविरुद्ध शिकवतात’ असं त्यात लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी बायका पोरींना शाळेत पाठवायला बिचकतात. हे आजचंच आहे असं आपल्याला वाटतं. पण सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यात असंच घडलं होतं.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही शाळा सुरू केली. पुढच्या वर्षी ती पुण्याला गेली. तिथं बालविधवा राहत आणि शिकत. ज्या मुलींचे केस कापून त्यांना घराच्या कोपऱ्यात बसवायचे, त्या इथं पुस्तक वाचू लागल्या. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या आणि शाळेला पैसा अमेरिकेतून येत होता. म्हणून शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार होती.

१८८९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकानं छापलं, की सदनातल्या सात विधवांपैकी दोघींना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटते. ‘केसरी’नं ते उचललं. पुढं टीका वाढत गेली. परक्यांच्या पैशावर आपल्या मुली बाटवल्या जातात, असा बोभाटा झाला. धर्म आणि देशाभिमान एकाच गाठीत बांधले गेले.

मग खरं काय होतं? वर्गात धर्म शिकवत नव्हते. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, आणि ज्या मुलींना वाटे त्या तिथं जाऊन बसत. पुढं काही मुली ख्रिस्ती झाल्याही. म्हणजे आईबापांची काळजी अगदीच निराधार नव्हती. हे लपवलं तर आम्हीही अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

उरलेलं अर्धंही ऐका. सदनात अगदी सुरुवातीला आलेली गोदूबाई ही बालविधवा तिथं शिकली आणि हिंदूच राहिली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचं लग्न झालं. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, आणि पुढं १९१६ मध्ये महिला विद्यापीठ.

१८९३ च्या ऑगस्टात सल्लागारांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेलं. भांडण मोठ्यांचं होतं, पाटी मात्र मुलींच्या हातून गेली.

आता देशाभिमानाचं बघू. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत रमाबाई होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारी इस्पितळात बायकांचे जे हाल झाले, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात इंग्रज सरकारला जाब विचारला. त्याच वर्षी लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात गेले. शाळेवरून भांडलेली ही दोन माणसं एकाच सरकारला खटकत होती. त्याच सुमाराच्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुलींना आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता.

मैत्रिणींनो, मोहाडी तालुक्यातल्या आपल्या गटांत बातमी फार लवकर पोचते. रोवणीला बांधीत उतरलेल्या बायकांत सकाळी निघालेलं बोलणं दुपारपर्यंत दुसऱ्या गावी जातं. म्हणून शाळेबद्दल काही ऐकलं तर आधी आपल्या मुलीला विचारा, मग शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या गटातली कोणी त्या समितीत असेल, तर तिच्यासोबत जाऊन वही बघा, गुरुजींना विचारा, बाईंना विचारा. तक्रार खरी निघाली तर समितीत मांडा. पण त्याआधी पोरीचं दप्तर खुंटीला टांगू नका.