काचेतला समुद्र आणि हिरवे पाणी

१८४६ सालच्या शरद ऋतूत ॲना थिन ही इंग्रज बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथल्या खडकांवर तिला जिवंत प्रवाळ दिसले आणि ते दगडी बरणीत घालून तिने लंडनला आणले. तिचा नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्माधिकारी होता, त्यामुळे हे प्रवाळ थेट ॲबीच्या आवारात राहायला आले. समुद्राचे ताजे पाणी लंडनमध्ये रोज कुठून आणणार? तेव्हा मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी उभे राहायचे आणि तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात धार धरून ओतत राहायचे, रोज अर्धा-पाऊण तास, असा क्रम सुरू झाला. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळही सोडले. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले. बाईंचे नाव मत्स्यालयाच्या इतिहासात आले. त्या मोलकरणीचे कुठे सापडत नाही, आणि माझ्या मते पहिला एअरपंप तीच होती.

हा इतिहास मी वाचू लागलो त्याला एक घरगुती कारण आहे. मी मुलचेऱ्याचा. पश्चिमेचा समुद्र इथून सातशे किलोमीटरांहून लांब आहे. पूर्वेचा त्याच्या निम्म्या अंतरावर, पण तिकडेही कोणाचे जाणे होत नाही. माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. त्याच्या दिवाणखान्यात चार फुटी काचपेटीत खारे पाणी, निळे दिवे आणि जिवंत प्रवाळ आहेत. मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवले, म्हणून गेल्या वर्षी त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले : खडकांवर केसांसारखे हिरवे शेवाळ, आणि प्रवाळांच्या फांद्या बुडापासून पांढऱ्या पडत चाललेल्या. ‘‘मामा, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मग हे वाढतंय कशावर?’’ त्याचा प्रश्न रास्त होता. शेवाळ मारण्याच्या औषधाच्या बाटल्या आणि फॉस्फेट शोषणारे दाणे यांवर त्याने बराच पैसा घातला होता. प्रवाळ मात्र दर आठवड्याला कमी होत होते, आणि तो सगळेच मोडीत काढायच्या बेतात होता.

अशा पेचाची पहिली नीट नोंद १८५० सालची आहे, तीही गोड्या पाण्याची. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या टाकीत दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. लांब पट्टीसारख्या पानांची ही वनस्पती आपल्या विदर्भातल्या तळ्यांतही उगवते. हिशेब सोपा होता : मासे जो वायू सोडतील तो वनस्पती घेईल, वनस्पती जो सोडेल तो मासे घेतील. थोड्याच दिवसांत पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टननी काय करावे? टाकीत तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले, पाणी निवळले. यातून ‘समतोल टाकी’ ही कल्पना रूढ झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोचवला. मध्यमवर्गीय इंग्रजी घरांत काचपेट्यांची लाट आली. काही वर्षांत ती ओसरलीही. बहुतेक पेट्यांत पाणी सडत होते.

समतोलाच्या कल्पनेत एक गोष्ट राहून गेली होती. गोगलगाय शेवाळ खाते, पण तिची विष्ठा त्याच पाण्यात पडते. बंद पेटीत घातलेले काहीच नाहीसे होत नाही, फक्त रूप बदलते. माशांच्या खाद्यातले नत्र आणि स्फुरद आज माशात, उद्या पाण्यात, परवा शेवाळात. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. युरिया आणि सुपर फॉस्फेट तो पिकाला त्यासाठीच घालतो. भाच्याच्या ‘शून्या’चे उत्तरही इथेच होते. चाचणी पाण्याची होते. शेवाळाने आधीच गिळलेले स्फुरद त्या नळीत दिसणार नाही. वाटीत शिरा उरला नाही म्हणून शिरा झालाच नव्हता असे कोणी म्हणत नाही.

प्रवाळांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण प्रवाळ स्वतःच अर्धा शेवाळावर जगतो. उष्ण समुद्रातल्या खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. १८८१ साली कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला ‘झूझँथेला’ हे नाव दिले. ते उन्हावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंगही बव्हंशी त्याचाच. १९२८-२९ साली सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश तुकडीने ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर मुक्काम केला. उपासमार झाली किंवा पाणी तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि फिके पडतात, हे त्या मोहिमेच्या प्रयोगांत दिसून आले. थिनबाईंचे प्रवाळ लंडनच्या मिणमिणत्या उजेडात टिकले, त्याचे कारणही यात आहे. ती थंड पाण्यातली जात. तिच्या पोटात शैवाल नसतेच, तिला उन्हाची गरज नव्हती.

म्हणजे भाच्याच्या पेटीत दोन शेवाळे होती. एक खडकावरचे, त्याला नको असलेले. दुसरे प्रवाळाच्या आतले, ज्यावाचून प्रवाळ जगणार नाही. पहिल्यावर केलेला प्रत्येक वार दुसऱ्यालाही लागत होता. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले की फॉस्फेट अति कमी आणि नायट्रेट त्या मानाने जास्त अशा पाण्यात प्रवाळ उष्णता आणि प्रखर उजेड सोसू शकत नाहीत, लवकर पांढरे पडतात. फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांनी खडकावरचे शेवाळ उपाशी मरण्याआधी प्रवाळाच्या आतले शैवाल उपाशी ठेवले, असा माझा तर्क झाला.

पेटीतून घाण काढायची कशी, या प्रश्नाला नीट उत्तरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाली. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन इंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातून आणलेले जिवंत खडक, ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस्स. त्या सच्छिद्र खडकांतले जिवाणू नत्राची विल्हेवाट लावत. समुद्र हाताशी असलेल्या माणसाला ते सोपे होते. बर्लिनच्या छांदिष्टांना समुद्र नव्हता. त्यांनी जिवंत खडकाला प्रखर दिवे आणि फेस काढणारे यंत्र जोडले. या यंत्रात बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय मळ चिकटतो आणि फेसाबरोबर वरच्या भांड्यात जमतो. ज्याने गुऱ्हाळात उकळत्या काहिलीवरची मळी झाऱ्याने काढताना पाहिली आहे, त्याला वेगळे समजवायला नको. दुसरी भर पेटर विल्केन्स यांची : बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी घालायची. प्रवाळाच्या सांगाड्याला कॅल्शियम मिळते आणि पाण्याचा अल्कधर्म टिकतो. आपल्या पानाच्या डब्यातला चुना जर्मनीत प्रवाळ जगवत होता, ही गोष्ट मला फार आवडते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर अेडी यांनी तर उलटीच वाट धरली. १९८०च्या सुमारास त्यांनी शेवाळाला पेटीबाहेर स्वतंत्र जाळी आणि दिवा दिला, तिथे ते मुद्दाम वाढवले आणि खरवडून फेकले. फेकलेल्या शेवाळाबरोबर नत्र-स्फुरद खरोखर पेटीबाहेर गेले. वॉरिंग्टनच्या गोगलगायीला जे जमले नव्हते, ते खरवडणीने जमले.

खुल्या समुद्रातही हेच दोन धडे सापडतात, फक्त प्रचंड मापाने. १९८३-८४ साली कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे काळे समुद्र-अर्चिन साथीने मेले. जमैकाच्या खडकांवर शेवाळ चरणारे मासे बेसुमार मासेमारीने आधीच संपलेले. आता शेवटचा चरणाराही गेला. १९७७ साली तिथे सुमारे ५२ टक्के खडक जिवंत प्रवाळांनी व्यापला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्के उरला आणि शेवाळ ४ वरून ९२ टक्क्यांवर गेले. दुसरा धडा हवाईच्या कानेओहे उपसागराचा. तिथे सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ प्रवाळांना गिळत होते. १९७७-७८ साली सांडपाण्याचे नळ खोल समुद्राकडे वळवले, आणि पुढच्या काही वर्षांत शेवाळ ओसरून प्रवाळ सावरू लागले. औषध कोणीच टाकले नव्हते.

आपल्याकडे या इतिहासाचा धागा वेगळा आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले; काचेआडचा समुद्र पाहायला आलेल्या मराठी मुलांच्या पिढ्या तिथूनच गेल्या. पण घरात प्रवाळ पाळण्याचा छंद आपल्याकडे वाढला नाही, आणि २००१ सालापासून तर कायद्याने त्याला वावच नाही. खडक बांधणारे प्रवाळ त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसले. महाराष्ट्राचे प्रवाळ आहेत ते समुद्रातच : सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात बुडालेल्या त्या पठारावर, ज्याला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून आंग्रे बँक म्हणतात. स्वराज्याच्या सरखेलाचे नाव प्रवाळांच्या बेटाला लाभावे, यात मला काही वावगे वाटत नाही.

भाच्याला मी औषध सांगितले नाही. पेटीत काय काय जाते त्याची वही लिहायला लावली. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झाले. माशांना रोज तीन वड्या गोठवलेले खाद्य, तेही वितळलेल्या पाण्यासकट. आटलेल्या पाण्याच्या जागी थेट नळाचे पाणी. आणि खडक एका जुन्या पेटीतून स्वस्तात घेतलेले. चुनखडीचा खडक वर्षानुवर्षे फॉस्फेट धरून ठेवतो आणि नव्या पाण्यात हळूहळू सोडतो. शेवाळाची मुळे त्या भांडारावरच होती. त्याने बाटल्या बंद केल्या, शोषणारे दाणे काढले, खाद्य एका वडीवर आणले, गाळलेले पाणी वापरले, आणि दर रविवारी हाताने शेवाळ उपटून कचऱ्यात टाकले. चार महिने लागले. पाच प्रवाळ गेले, सात राहिले. चाचणीत फॉस्फेट आता शून्य येत नाही, थोडेसे येते.

हे सगळे मी लिहितो आहे त्या गावाभोवती हिरव्या पाण्याची किंमत अगदी निराळी आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे १९६०च्या दशकापासून या भागात वसवली गेली; गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची ही गोष्ट. ही माणसे तळ्याला पुकुर म्हणतात. इथे पाणी हिरवे व्हावे म्हणून मुद्दाम शेण घालतात. शेणावर सूक्ष्म शेवाळ वाढते, त्यावर चंदेरा पोसतो. शेवाळ खाणारे बारीक जीव कतल्याच्या तोंडी जातात, तळाची घाण मृगळ उचलतो. शेण किती घालायचे ते हातच सांगतो. कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला, तर शेण बंद. कोपर बुडूनही तळवा दिसत राहिला, तर अजून घालायचे. भाद्रपदात पुकुर भरून वाहू लागले की ते हिरवे पाणी ओढ्यांनी प्राणहितेला मिळते, प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. जाळे मात्र त्याआधी पडलेले असते, आणि त्या पाण्यातले बरेचसे नत्र-स्फुरद चंदेऱ्याच्या आणि कतल्याच्या रूपाने बाजाराच्या दिवशी टोपलीतून गावात गेलेले असते.